उजेडाचा हिशेब : पाच दिवसांचे लंडन

व्यापाऱ्याच्या घरची सुटी दुकानाच्या सोयीने ठरते. हंगाम सरावा, वसुली व्हावी, मुलांच्या परीक्षा आटोपाव्यात, तेव्हा कुठे पाच-सहा दिवस मोकळे सापडतात. बार्शीतील कडधान्याचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका घरात अशाच मोकळ्या दिवसांसाठी बैठक बसली. जायचे लंडनला, हे ठरलेलेच होते. थोरल्या मुलाने बावीस प्रेक्षणीय स्थळांची यादी केली होती. चातुर्मास संपल्यावर, नोव्हेंबरच्या अखेरीस तिकिटे स्वस्त मिळत असल्याने सर्वांचा कल तिकडेच होता. तेवढ्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजींनी एकच प्रश्न विचारला, "तिथं दिवस मावळतो किती वाजता?"

कोणालाच उत्तर देता आले नाही. नातवाने मोबाइलवर पाहून सांगितले, "चार वाजता." बैठकीत शांतता पसरली. आजींचा रात्रिभोजनत्याग चाळीस वर्षांचा. त्या इतकेच म्हणाल्या, "मग तुम्ही जाऊन या. माझ्यासाठी तुमची सहल कशाला अडवायची?"

पुष्कळ घरांत चर्चा येथेच संपते. वडीलधारी माणसे मागे राहतात आणि ती आनंदाने राहिली, असे सर्वजण मानून घेतात. त्या घरात मात्र हिशेब पुन्हा मांडला गेला. तो प्रत्येक कुटुंबाने मांडून पाहण्याजोगा आहे.

लंडन हे विषुववृत्तापासून बरेच उत्तरेला वसलेले शहर. त्यामुळे तेथील दिनमान ऋतूप्रमाणे फार बदलते. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सकाळी साडेसातनंतर उगवतो आणि दुपारी चारच्या सुमारास मावळतो. मेच्या मध्यास तो पहाटे पाचनंतर लगेच उगवतो आणि रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे नोव्हेंबरचा दिवस सव्वाआठ तासांचा, तर मेमधला साडेपंधरा तासांचा. पाच दिवसांत हा फरक सुमारे ३६ तासांचा होतो. नोव्हेंबरच्या तिकिटात वाचणारे पैसे या ३६ तासांच्या बदल्यात वाचतात, हे ध्यानात आल्यावर स्वस्त काय आणि महाग काय, याचे उत्तरच बदलले. छोट्या सहलीचे खरे भांडवल उजेडाचे तास असतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबाला तर ते दुप्पट मोलाचे. अखेर मे महिना ठरला.

पुढची पायरी व्हिसाची. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो आणि निर्णयास साधारणतः तीन आठवडे लागतात. बोटांचे ठसे व छायाचित्र देण्यासाठी केंद्रावर स्वतः जावे लागते. आयकर विवरणपत्रे, व्यवसायाच्या नोंदणीची कागदपत्रे व बँकेचे खातेउतारे एकमेकांशी जुळणारे असावेत. खात्यात ऐनवेळी भरलेली मोठी रक्कम मदत करण्याऐवजी शंका निर्माण करते. ज्या आरक्षणाचे पैसे परत मिळत नाहीत, ते व्हिसा हाती आल्याखेरीज करू नये. ज्येष्ठांचा प्रवासविमा घेताना त्यांचे जुने आजार अर्जात नमूद करावेत. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी उघड होतोच.

पैशाबाबत तीन गोष्टी पाळाव्यात. नव्या बँक कार्डांवर परदेशी वापर बहुधा बंदच असतो. तो निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावा. दुकानातील यंत्राने 'रुपयांत की पौंडांत' असे विचारले, तर पौंड निवडावेत. रुपये निवडल्यास समोरची बाजू स्वतःचा दर लावते आणि तो बहुधा महाग पडतो. सहलीच्या पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस हा खर्च समजू नये. विवरणपत्र भरताना त्याचे श्रेय मिळते, म्हणून त्याचा दाखला जपून ठेवावा.

मुक्काम कोठे करावा, यावर निम्मी सहल अवलंबून असते. त्या कुटुंबाने किंग्ज क्रॉस व यूस्टन या स्थानकांच्या परिसरातील हॉटेल निवडले. हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली मार्गाची भुयारी रेल्वे गाडी न बदलता तासाभरात किंग्ज क्रॉसला आणते. तेथून ब्रिटिश लायब्ररी चालत पाच मिनिटांवर आहे. ब्रिटिश म्युझियमही पायी जाण्याजोगे आहे. यूस्टनलगतच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय शाकाहारी भोजनालये आहेत. लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे ओसवाल समाजाचे देरासर आहे. तेथे जाणारी गाडीही किंग्ज क्रॉसहूनच सुटते. शहराच्या दूरच्या टोकाला स्वस्त खोली घेतली, तर वाचलेले पैसे रोजच्या दोन तासांच्या प्रवासात खर्ची पडतात.

भुयारी रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. जगातील ती पहिली. इतक्या जुन्या व्यवस्थेत अनेक स्थानकांवर आजही केवळ जिने आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी जिन्याविना जाता येणाऱ्या स्थानकांचा अधिकृत नकाशा मिळतो, तो आधी पाहावा. किंग्ज क्रॉसला उद्वाहनाची सोय आहे. लंडनच्या तांबड्या बस मात्र खालच्या पायरीच्या असून त्यांत चाकाची खुर्चीही चढते. वरून शहर दिसते ते वेगळेच. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. बँक कार्ड किंवा ऑयस्टर कार्ड यंत्राला टेकवावे लागते, आणि प्रत्येक प्रवाशाचे कार्ड स्वतंत्र असावे लागते. दिवसभरात ठरावीक रकमेपेक्षा अधिक भाडे आकारले जात नाही, पण ही मर्यादा त्या त्या कार्डापुरती असते. अकरा वर्षांखालील मुले मोठ्यांबरोबर विनामूल्य प्रवास करतात.

आहाराचा प्रश्न अवघड वाटतो, परंतु तयारी असेल तर सुटतो. विमानात 'जैन भोजन' आधी नोंदवावे लागते. त्याचा संकेत 'व्हीजेएमएल'. ब्रिटनमध्ये 'व्हेजिटेरियन' या शब्दात अंडे येऊ शकते. 'व्हीगन' पदार्थात अंडे, दूध व मध नसतात, पण कांदा, लसूण, बटाटा व अळंबी असू शकतात. म्हणून वेष्टनावरील घटकांची यादी वाचावीच. अंडे व दूध यांची नावे त्यात ठळक छापणे कायद्याने बंधनकारक आहे. कांदा-लसूण मात्र ठळक छापलेले नसतात, ते शोधावे लागतात. घरून खाकरे, चिवडा, भाजलेले मुरमुरे न्यावेत. दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे, तेव्हा पेढे, बर्फी व तुपाचा डबा घरीच ठेवावा. हॉटेलच्या खोलीत पाणी उकळण्याची किटली बहुधा असते. उकळलेल्या पाण्याचा नियम तिच्यामुळे सहज पाळता येतो. भारतीय प्लग तेथे चालत नाही, तेव्हा जोडणीचा अॅडॉप्टर सोबत हवा.

मग यादीची छाटणी सुरू झाली. बावीस स्थळे पाच दिवसांत बसवणे म्हणजे उधारीवर दुकान भरण्यासारखे. माल दिसतो, पण विकला जात नाही. दिवसाला एक मुख्य स्थळ आणि एक जवळचे, एवढाच नियम ठेवला गेला. पहिला दिवस आगमन व विश्रांतीचा. दुसऱ्या दिवशी संसद भवनाचा परिसर व थेम्स नदीतून टॉवरपर्यंतचा नौकाप्रवास. तिसऱ्या दिवशी बँक ऑफ इंग्लंडचे संग्रहालय व सेंट पॉल कॅथेड्रल. १६९४ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेच्या संग्रहालयात प्रवेश विनामूल्य असून सुमारे १३ किलोची खरी सोन्याची वीट हाताने उचलून पाहता येते. ते शनिवार-रविवारी बंद असते. मेमधील पहिल्या व अखेरच्या सोमवारी ब्रिटनमध्ये सार्वजनिक सुटी असते, हेही लक्षात ठेवावे. चौथा दिवस मुलांचा, नॅचरल हिस्टरी म्युझियम व सायन्स म्युझियमचा. तेथील कायमच्या दालनांनाही शुल्क नाही. पाचव्या दिवशी पॉटर्स बार येथे जिनदर्शन. मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय, चित्रपटांचा स्टुडिओ आणि शहराबाहेरील स्थळे यादीतून गेली. मुलांनी थोडी कुरकुर केली, पण दुपारची विश्रांती मिळणार म्हटल्यावर तीही थांबली.

एक छोटे स्थळ मात्र यादीत नसतानाही आले. हॉटेलपासून थोड्या अंतरावर टॅव्हिस्टॉक चौकात १९६८ मध्ये उभारलेला महात्मा गांधींचा पुतळा आहे. १८८८ मध्ये वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होण्याआधीच गांधीजी शिक्षणासाठी लंडनला निघाले, तेव्हा आई परवानगी देईना. बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना मद्य, मांस व परस्त्री यांच्यापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली. त्यानंतर आईने होकार दिला. लंडनमध्ये ते कित्येक दिवस अर्धपोटी राहिले. पायपीट करीत अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी भोजनालय सापडले आणि तेथे ते पोटभर जेवले, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. ज्या शहरात त्यांना इतके शोधावे लागले, त्याच शहरात आज वेष्टनावरील घटक वाचून जेवता येते.

थोरल्या मुलाने हा प्रसंग आजींना वाचून दाखवला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मग विचारले, "पावणेनऊपर्यंत उजेड असतो म्हणता. म्हणजे मी आठला जेवले तरी नियम मोडत नाही?"

"नाही मोडत, आई. नियम सूर्याचा आहे, घड्याळाचा नव्हे."

"मी तरी सहालाच जेवेन," आजी म्हणाल्या. "पोटाला कोण समजावणार? पण तुम्ही माझ्यापायी हॉटेलवर परतायचं नाही. फिरत राहा. मी बाकावर बसून डबा खाईन."

त्या उठल्या, कपाटातून जुना पासपोर्ट काढून मुलासमोर ठेवला. तो दोन वर्षांपूर्वीच संपला होता. व्हिसाच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागणार होता. मुलाने वहीत पहिल्या ओळीवर तेच लिहिले आणि बावीस स्थळांचा कागद घडी घालून खिशात ठेवून दिला.