विद्यापीठाच्या वास्तू आणि कोकणचा पाऊस

कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठ असावे, ही मागणी जुनी आहे. दापोलीचे कृषि विद्यापीठ 1972 साली झाले. ते वगळता उच्च शिक्षणासाठी रत्नागिरी जिल्ह्याने बहुधा दुसऱ्या गावाच्या तोंडाकडेच पाहिले. 1962 साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा हा जिल्हा कोल्हापूरला जोडलेला होता. पुढे तो मुंबईकडे आला. घाट चढून जावयाचे की खाड्या ओलांडून, एवढाच काय तो फरक पडला! आज मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु नव्या विद्यापीठाची किंवा नव्या वास्तूची चर्चा निघाली की, ती जागा आणि कोटींचे आकडे यांपाशीच थांबते. वास्तू उभी राहिल्यावर तिला सांभाळावयाचे कोणी, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

मुंबईचा राजाबाई मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून 1878 साली पुरा झाला, आणि पदवीदानाचे सभागृह कावसजी जहांगीर यांच्या लाख रुपयांतून. ते युग दात्यांचे होते. आता विद्यापीठाच्या मोठ्या इमारती मुख्यतः करदात्याच्या पैशातून होतात. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानातही महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी केंद्राचा वाटा 60 टक्के व राज्याचा 40 टक्के ठरला. परंतु असे अनुदान एकदाच येते. अंदाजपत्रकात बांधकाम भांडवली खर्चात पडते. डागडुजी महसुली खर्चात. काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री या दुसऱ्या रकमेवर चालते, कारण गळके छप्पर दुरुस्त केल्याबद्दल कोनशिला बसवीत नाहीत.

देशावर ही हयगय काही वर्षे खपून जाईल. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि समुद्राची खारी हवा बाराही महिने लोखंड खाते. सपाट गच्चीवर पाणी साचते, ते काँक्रीटमध्ये मुरते, आतली सळई गंजून फुगते आणि गिलावा सुटू लागतो. मग प्रयोगशाळेतील उपकरणांवर ताडपत्री घालण्याची पाळी येते. याच शहरातील थिबा राजवाडा 1910 साली झाला. जांभ्याच्या भिंती आणि उतरती छपरे घेऊन तो शतकाहून अधिक काळ पाऊस झेलीत आहे. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी परक्या सरकारने जे ध्यानात घेतले, ते आपल्या मुलांसाठी आपल्या बांधकाम खात्याने घेऊ नये काय? मुंबईच्या कचेरीत तयार झालेला नमुना-आराखडा कोकणात जसाच्या तसा उतरविणे हा हिशेबाच्या दृष्टीनेही तोट्याचा व्यवहार आहे.

2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने उपपरिसराला संचालक दिला. परंतु कौले फिरविण्याच्या खर्चासाठीही त्याला मुंबईच्या मंजुरीची वाट पाहावी लागणार असेल, तर तोवर मृग उलटून जाईल. आमची मागणी साधी आहे. कोकणातील विद्यापीठाच्या प्रत्येक नव्या वास्तूबरोबर, तिच्या किमतीच्या ठरावीक प्रमाणात, देखभालीचा कायम निधी बांधून द्यावा. त्याचे व्याज दुसऱ्या कामाकडे वळविता येऊ नये. आणि ते खर्च करण्याचा अधिकार स्थानिक संचालकाला असावा. एक मजला कमी बांधावा लागला तरी चालेल. स्वतंत्र विद्यापीठाचा निर्णय व्हावयाचा तेव्हा होवो. ही तरतूद मात्र येत्या अंदाजपत्रकातही करता येण्यासारखी आहे.