जुन्या फ्लॉपीतील मराठी

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या कपाटात, फैजपूर-सावद्यापासून पुण्या-मुंबईपर्यंत, नव्वदच्या दशकातील एखादी फ्लॉपी अजूनही पडून असेल. तीत जयंतीची स्मरणिका असेल, वडिलांनी टाइप करून घेतलेले आत्मकथन असेल. ती फाइल आज उघडली असता मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते आणि 'खराब झाली' म्हणून ती टाकून दिली जाते. बहुधा ती खराब झालेली नसते.

त्या काळी छपाईचे बरेचसे मराठी पुण्यात घडलेल्या सॉफ्टवेअरवर चाले : सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मधील. परंतु विंडोज ९५ व ९८ मध्ये देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. म्हणून फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी काने, मात्रा व अर्धी अक्षरे बसवीत. कोणत्या जागी काय, हे प्रत्येक कंपनीचे निराळे. तो फॉन्ट नाहीसा झाला की मजकुराची किल्लीच हरवते.

येथे इम्युलेटर उपयोगी पडतो. हा प्रोग्राम नव्या संगणकाच्या पोटात जुन्या संगणकाचे हुबेहूब सोंग वठवतो. विंडोज ९८ ला १६ एमबी मेमरी पुरत असे. आजच्या ८ जीबीच्या संगणकात त्याच्या ५१२ पट असते. जुनी हार्ड डिस्क म्हणजे येथे केवळ एक फाइल. डॉसच्या प्रोग्रामांसाठी डॉसबॉक्स पुरेसा. विंडोज ९८ साठी ८६बॉक्स किंवा क्यूईएमयू घ्यावे. मूळ परवान्याची सीडी मात्र जपलेली असावी.

खरी अडचण डोंगलची. डीटीपीचे अनेक प्रोग्राम प्रिंटरच्या पोर्टला लावलेल्या या कुलपाशिवाय सुरूच होत नसत. तेव्हा भंगारात काही देण्यापूर्वी ते शोधावे.

फ्लॉपीच्या कोपऱ्यातील खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे चुकून काही पुसले जात नाही. प्रथम तिची संपूर्ण प्रत काढावी व पुढील सारे काम त्या प्रतीवर करावे. इम्युलेटरमधील विंडोजला इंटरनेट जोडू नये. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ ची सुरक्षा-दुरुस्ती २००६ मध्येच थांबवली. फाइल उघडली की ती पोस्टस्क्रिप्ट स्वरूपात छापून नव्या संगणकावर पीडीएफ करावी. पान जसेच्या तसे वाचते. दहा पानांचाच मजकूर असेल, तर सरळ पुन्हा टाइप करणे सोपे, हेही सांगून ठेवतो.

मजकूर युनिकोडमध्ये हवा असल्यास फॉन्ट-परिवर्तक वापरावा. पण मुद्रितशोधन टळत नाही. बहुतेक जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. नावे व आडनावे विशेष काळजीने तपासावीत. रफार तेथेच निसटतो.