आर्टिकलची टिक : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सीए इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप सुटले की विद्यार्थी एखाद्या सीएच्या ऑफिसात आर्टिकल म्हणून रुजू होतो. 1 जुलै 2023 पासून लागू झालेल्या नव्या योजनेत हा काळ दोन वर्षांचा आहे. त्याआधी तो तीन वर्षांचा होता. या दोन वर्षांबद्दल पालकांमध्ये आणि खुद्द विद्यार्थ्यांमध्ये एक समज घट्ट बसला आहे. आर्टिकलशिप म्हणजे स्वस्तातली कारकुनी, व्हाउचरची फाइल उलटायची, बिलाशी आकडा जुळला की टिक मारायची, आणि खरा अभ्यास क्लासमध्ये करायचा. हा समज चुकीचा आहे, आणि त्याचं नुकसान विद्यार्थ्यापुरतं राहत नाही. ज्या कामाला हलकं समजलं जातं, त्याच कामावर ऑडिटचा सगळा भार असतो.

टिक मारण्याआधी काय बघावं लागतं ते पाहा. एका ठेकेदाराचं एप्रिलचं बिल समोर आहे. रक्कम जुळते, जीएसटी नंबर आहे, व्हाउचरवर मंजुरीची सही आहे. मे महिन्याचं बिलही तसंच, जूनचंही. मात्र तिन्ही बिलं शेजारी ठेवली तर बिल नंबर दिसतात 41, 42 आणि 43. म्हणजे या ठेकेदाराने तीन महिन्यांत दुसऱ्या कुणालाच बिल दिलेलं नाही. कदाचित त्याचा धंदाच एवढा असेल. कदाचित त्याचं बिलबुक क्लायंटच्याच टेबलाच्या खणात असेल. नुसत्या बिलांवरून यातलं काहीच सिद्ध होत नाही. पण मग गेटचं रजिस्टर मागायचं, कामाचं मोजमाप मागायचं, पैसे कुठल्या खात्यात गेले ते बघायचं, हे इथून सुरू होतं. परीक्षेतल्या गणितात आकडे खरे धरूनच उत्तर काढायचं असतं. ऑफिसात मात्र आकडा खरा धरावा का, हाच प्रश्न असतो, आणि तो सोडवण्याचा सराव आर्टिकलशिपमध्येच होतो.

याहून कंटाळवाणं समजलं जाणारं काम म्हणजे बॅलन्स कन्फर्मेशनची, म्हणजे खात्यातल्या शिलकीची खातरजमा मागणारी, पत्रं. पत्र क्लायंटच्या लेटरहेडवर, त्याच्याच सहीचं असतं. पण ते पाठवायचं ऑडिटरने, आणि बँकेचं उत्तर यायला हवं ते थेट ऑडिटरच्या ऑफिसात. ऑडिटिंग स्टँडर्ड 505 चा गाभा एवढाच आहे. क्लायंटचा अकाउंटंट ‘द्या इकडे, आमचा माणूस बँकेत चाललाच आहे’ म्हणतो, तेव्हा नाही म्हणायचं असतं. एवढ्याशा गोष्टीचं मोल 7 जानेवारी 2009 रोजी देशाला कळलं. सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी त्या दिवशी लिहून दिलं, की वह्यांत दाखवलेल्या 5,361 कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. पुढे 2011 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने सत्यमच्या ऑडिटरांवर कारवाई केली. त्यातला मुख्य ठपका असा होता, की बँकांच्या कन्फर्मेशनची पाठवणी आणि उत्तरांची आवक ऑडिट टीमने कंपनीच्याच हाती सोपवली होती. त्या टीमची चूक कुठल्याही अवघड हिशोबी तत्त्वाच्या आकलनात नव्हती. पत्र कुणाच्या हातून जातं आणि उत्तर कुणाच्या हाती येतं, या प्राथमिक गोष्टीत होती.

मालाचंही तेच. 1938 मध्ये अमेरिकेतल्या मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीच्या पुस्तकांत गोदामात कधी नसलेला माल दाखवलेला निघाला, आणि त्यानंतर ऑडिटरने मोजणीला स्वतः हजर राहायची पद्धत तिथे रुजली. आज 31 मार्चला जिनिंग मिलच्या आवारात उभा राहून गाठी मोजणारा आर्टिकल तेच काम करत असतो. यादीवरून मालाकडे जायचं, आणि मग उलट, मालावरून यादीकडे. पहिल्या फेरीत यादीत असून प्रत्यक्षात नसलेला माल पकडला जातो, दुसऱ्या फेरीत यादीतून वगळलेला.

यावर आक्षेप येतो, की एवढं करूनही घोटाळे होतातच, मग उपयोग काय? इथे दुसरा गैरसमज आहे. ऑडिटर प्रत्येक नोंद तपासत नाही. नमुने निवडून तपासतो, आणि तो देतो ती वाजवी खात्री असते, हमी नव्हे. फसवणूक रोखण्याची आणि शोधण्याची पहिली जबाबदारी व्यवस्थापनाची आहे, हे स्टँडर्ड 240 मध्ये स्पष्ट आहे. मात्र याचा आधार घेऊन डोळे मिटायची मुभा ऑडिटरला मिळत नाही. उलट, मोजकेच नमुने बघायचे असल्यामुळे प्रत्येक नमुन्याकडे नीट बघणं भाग पडतं. दहा हजार व्हाउचरांतून साठ निवडली आणि तीही मान खाली घालून टिक केली, तर त्या ऑडिटमागे पुरावा म्हणून काहीच उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अनेक ऑफिसांत आर्टिकलला वर्षभर जीएसटी रिटर्न भरायला आणि टॅलीत नोंदी करायला बसवतात, स्टायपेंडमध्ये प्रवासखर्चही निघत नाही. ही तक्रार खरी आहे, आणि ‘आम्हीही असंच शिकलो’ हे तिचं उत्तर होऊ शकत नाही. स्टायपेंड हा पगार नसला तरी त्याची किमान रक्कम नियमाने ठरलेली आहे, शहराच्या लोकसंख्येनुसार आणि प्रशिक्षणाच्या वर्षानुसार. कामाची वेळ आठवड्याला 35 तास आहे. या नियमांचं पालन करणं हे प्रिन्सिपलचं, म्हणजे ज्याच्या हाताखाली आर्टिकल शिकतो त्या सीएचं, कर्तव्य आहे, उपकार नव्हे. पण या तक्रारीतून काही जण जी वाट काढतात, ती मला सर्वांत घातक वाटते. नाव एका ऑफिसात नोंदवायचं, हजेरी कागदावर लावायची, आणि दोन वर्षं क्लासला काढायची. याला ‘डमी’ म्हणतात. ज्याने आपलं प्रशिक्षणच खोट्या कागदावर उभं केलं, त्याने उद्या दुसऱ्याच्या कागदाची शहानिशा करायची आहे. शिवाय मुदत तीनवरून दोन वर्षांवर आल्यावर आणि फायनलच्या अभ्यासाला नंतर सहा महिने वेगळे राखल्यावर, ‘अभ्यासाला वेळ कुठून आणायचा’ ही सबबही पुष्कळ सैल झाली आहे.

मोठी फर्म चांगली आणि छोटं ऑफिस वाईट, हाही समज तपासून घ्यायला हवा. मुंबईतल्या मोठ्या फर्ममध्ये पद्धतशीर वर्किंग पेपर, कडक रिव्ह्यू आणि मोठ्या कंपन्या मिळतात. पण एकाच कंपनीच्या स्थावर मालमत्तेच्या शेड्यूलवर महिना जाऊ शकतो. जळगाव किंवा सांगलीतल्या ऑफिसात तोच विद्यार्थी पतसंस्थेच्या सभासदांची पासबुकं खतावणीशी ताडून बघतो, सराफाचा स्टॉक मोजतो, आणि पहिल्या व्हाउचरपासून ताळेबंदापर्यंत सगळा प्रवास एकाच फाइलमध्ये पाहतो. म्हणून रुजू होण्याआधी फर्मच्या नावापेक्षा वेगळे प्रश्न विचारावेत : गेल्या मार्चमध्ये इथले किती आर्टिकल स्टॉकच्या मोजणीला गेले होते? कन्फर्मेशनची उत्तरं कुणाच्या पत्त्यावर येतात? मी काढलेला प्रश्न वर्किंग पेपरमध्ये लिहिला, तर तो पुढे कोण वाचतं?