औषध आणि पथ्य : मेंदूच्या कर्करोगावरील कांहीं प्रयोग

रोग्याला औषध देतांना वैद्यानें पथ्यहि सांगावें, ही चाल महाराष्ट्रांतील घरांना नवी नाहीं. तापांत पेज, मधुमेहांत साखर वर्ज्य, रक्तदाब वाढल्यास मीठ कमी, हे नियम घरोघरीं पाळले जातात आणि त्यांचा गुणहि दिसून येतो. म्हणूनच घरांतील एखाद्याला मेंदूचा कर्करोग झाल्याचें कळतें, तेव्हां शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधें डॉक्टरांच्या हातीं सोपवून कुटुंबांतील माणसें साहजिकच स्वयंपाकघराकडे वळतात. रोग्याच्या ताटांतून साखर, भात व पोळी काढून घेतली, तर रोगाचीच उपासमार होईल काय, असा प्रश्न त्यांच्या मनांत उभा राहतो. हा प्रश्न भाबडा नाहीं. जर्मनींतील तज्ज्ञांनीं तो रोग्यांवर रीतसर पडताळून पाहिला आहे.

मोठ्या माणसांना होणाऱ्या मेंदूच्या कर्करोगांत ग्लायोब्लास्टोमा हा अत्यंत उग्र समजला जातो. त्याच्या पेशी आसपासच्या निरोगी भागांत दूरवर शिरलेल्या असतात. त्यामुळें कुशल शल्यवैद्यालाहि तो समूळ काढतां येत नाहीं. २००५ सालीं ५७३ रोग्यांवरील एका मोठ्या प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध झाला. नुसते किरणोपचार घेतलेल्या रोग्यांचें मध्यमान आयुष्य १२.१ महिने भरलें. किरणांच्या जोडीला टेमोझोलोमाइड हें औषध दिलें तेव्हां तें १४.६ महिने झालें. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचें प्रमाण शेंकडा १०.४ वरून २६.५ वर गेलें. ही सुधारणा खरी, परंतु ती किती तोकडी आहे हेंहि या आंकड्यांवरूनच दिसतें. अशा रोगांत आहारासारख्या साध्या साधनाचाहि विचार शास्त्रज्ञांना करावासा वाटला, यांत नवल नाहीं.

या विचाराचें मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या संशोधनांत आहे. बर्लिनमध्यें ऑटो वारबुर्ग या शास्त्रज्ञाला १९२० नंतरच्या दशकांत असें आढळलें कीं, कर्करोगाच्या पेशी प्राणवायु मिळत असतांनाहि पुष्कळशी शर्करा आंबवून तिचें लॅक्टिक आम्ल करतात. या रीतीनें शर्करेपासून शक्ति थोडी मिळते, म्हणून शर्करा मात्र फार लागते. मेंदूच्या निरोगी पेशींना अन्नाचा तुटवडा पडल्यास चरबीपासून यकृतांत तयार होणाऱ्या कीटोन नांवाच्या द्रव्यांवर गुजराण करतां येते. तेव्हां रक्तांतील शर्करा कमी करून कीटोन वाढविले, तर निरोगी पेशी तगतील व रोगट पेशी उपाशी राहतील, असा हा तर्क होता.

असा आहार वैद्यकाला अपरिचितहि नव्हता. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधील रसेल वाइल्डर यांनीं १९२१ सालीं अपस्माराच्या रोग्यांसाठीं तो सुचविला होता. त्यांत तूप, लोणी, साय, तेल यांसारख्या स्निग्ध पदार्थांचें प्रमाण फार मोठें, प्रथिनें बेताचीं आणि पिष्टमय पदार्थ जवळजवळ वर्ज्य असतात. औषधांना न जुमानणाऱ्या मुलांच्या अपस्मारांत तो आजहि देतात.

तर्क कितीहि सुबक असला तरी रोग्याच्या शरीरांत तो खरा ठरावा लागतो. जर्मनींत २० रोग्यांना हा आहार देण्यांत आला; त्या सर्वांचा ग्लायोब्लास्टोमा उपचारांनंतर पुन्हां वाढूं लागलेला होता. २०१४ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. आहार बहुतेकांना झेपला, तरी तिघांनीं तो मध्येंच सोडला. आणि रोग पुढें सरकण्याचा मध्यमान काळ अवघा पांच आठवड्यांचा भरला. एकट्या आहारानें रोगाला विशेष आळा बसत नाहीं, हें त्यावरून दिसलें.

मग तज्ज्ञांनीं आहाराला उपचारांची जोड दिली. फ्रांकफुर्ट येथें रोग उलटलेल्या ५० रोग्यांच्या, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें, दोन तुकड्या पाडल्या. दोहोंनाहि पुन्हां किरण दिले. मात्र एका तुकडीला त्या सुमारास नऊ दिवस कीटोनकारक अल्पाहार व उपवास घडविला. चिठ्ठ्यांचें कारण उघड आहे. रोग्यांनाच निवड करूं दिली असती, तर कडक पथ्य मुळांत सशक्त असलेल्यांनींच पत्करलें असतें आणि त्यांच्या सशक्ततेचें श्रेय पथ्याला गेलें असतें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत दोन तुकड्यांमध्यें लक्षणीय फरक आढळला नाहीं. पथ्य करणाऱ्यांपैकीं ज्यांची रक्तशर्करा अधिक उतरली, ते कांहींसे अधिक काळ जगले, असें मागाहून दिसून आलें. पण तेवढ्यानें पथ्याचा गुण सिद्ध होत नाहीं. मेंदूची सूज उतरविण्यासाठीं दिलें जाणारें डेक्सामेथासोन हें औषधच रक्तशर्करा वाढवितें. ज्याची सूज अधिक त्याला हें औषध अधिक, आणि म्हणून त्याची शर्कराहि अधिक, असेंहि घडूं शकतें.

औषध व आहार यांची सांगड निराळ्या रीतीनेंहि घालतां येते. पेशीला वाढण्याचा हुकूम पोंचविणाऱ्या पी-आय-थ्री-के नांवाच्या यंत्रणेला रोखणारीं औषधें आहेत. परंतु तीं घेतलीं कीं रक्तशर्करा चढते, स्वादुपिंड इन्शुलिन अधिक सोडतें, आणि तें इन्शुलिन बंद केलेली यंत्रणा पुन्हां चालू करतें. १९१८ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१८ सालीं, लुई कँटली व त्यांचे सहकारी यांनीं अर्बुदें असलेल्या उंदरांना औषधाबरोबर कीटोनकारक आहार दिला. तेव्हां इन्शुलिन आटोक्यांत राहिलें आणि औषध अधिक लागू पडलें. येथें आहार रोगाला उपाशी मारीत नाहीं. औषधाच्या वाटेंतील अडथळा तेवढा दूर करतो. त्याच प्रयोगांत दुसरी गोष्टहि दिसली. एका जातीच्या रक्ताच्या कर्करोगांत औषधावांचून नुसता आहार दिलेल्या उंदरांचा रोग उलट अधिक वेगानें वाढला. याच विचारावर पॅक्सॅलिसिब व मेटफॉर्मिन या औषधांबरोबर हा आहार मेंदूच्या कर्करोगाच्या रोग्यांना देऊन पाहण्याची चाचणी पुढें न्यूयॉर्कमध्यें आंखण्यांत आली.

घरच्या माणसांनीं यांतून काय घ्यावें? साखर व धान्य तोडल्यानें रक्तांतील शर्करा नाहींशी होत नाहीं. यकृत ती स्वतः तयार करतें. उलट रोग्याचें वजन झपाट्यानें उतरलें, तर किरण व औषधें सोसण्याची त्याची शक्तिच खचते. मधुमेहाचीं औषधें चालू असतांना अन्न एकाएकीं तोडल्यास शर्करा धोक्याच्या पातळीखालीं जाऊं शकते. २०२४ सालीं आहारानें कर्करोग बरा झाल्याचा एक दावा गाजला, तेव्हां मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या २६२ आजी-माजी कर्करोगतज्ज्ञांना पत्रक काढून, अशा उपायांपायीं उपचार लांबवूं नका, असें लोकांना बजवावें लागलें.

तेव्हां पथ्य करावयाचें असल्यास तें डॉक्टरांच्या व आहारतज्ज्ञांच्या कानांवर घालून, वजन व रक्तशर्करा नियमानें तपासून करावें. आणि त्यासाठीं कोणताहि उपचार थांबवूं नये. ज्याला भूक नाहीं, अशा रोग्याला आवडीचा मऊ भात दोन घांस गेला, तर घरच्यांनीं त्याबद्दल मनाला लावून घेण्याचें कारण नाहीं. त्या घांसानें रोग वाढतो, असें आजवरच्या कोणत्याहि प्रयोगानें दाखविलेलें नाहीं.