विंडोज १० : ठेवावी की बदलावी?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला. म्हणून संगणक काही बंद पडत नाही. टायपिंग, छपाई, सिनेमे, सगळं चालूच राहतं. फक्त सुरक्षेतली नवी भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या आपोआप यायच्या थांबतात. त्यामुळे वाटणारी भीती पोकळ नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय या घातक प्रोग्रॅमने जगभर संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. ती न बसवलेले सापडले.

मग विंडोज ११ घ्यावी? घोडं इथेच पेंड खातं. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो बहुधा आठव्या पिढीचा किंवा पुढचा. 'पीसी हेल्थ चेक' हे मायक्रोसॉफ्टचं फुकट अ‍ॅप याचा निकाल लगेच सांगतं. नापास झालात तरी संगणक भंगारात काढायची घाई नको: घरगुती वापरासाठी नोंदणी केली की १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणालीही घेता येते: ती फुकट आहे, जुन्या यंत्रावर झकास पळते. पण विंडोजसाठी बनलेल्या श्रीलिपीत डीटीपी करणाऱ्याने तिच्या वाटेला न गेलेलं बरं. बँकेचे व्यवहार मात्र दुरुस्त्या थांबलेल्या संगणकावर मी तरी करणार नाही. आणि काहीही बदलण्याआधी फोटो, कागदपत्रं वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.