नाकारलेला दावा आणि एका माउलीची चिकाटी

लूकच्या शुभवर्तमानातील त्या विधवेची गोष्ट आमच्या वाचकांनी मिस्सामध्ये अनेकदा ऐकली असेल. देवाला न भिणारा आणि माणसाची भीड न बाळगणारा तो न्यायाधीश, व त्याच्या दारी पुनःपुन्हा जाऊन न्याय मागणारी ती निराधार बाई! प्रभूने हा दृष्टान्त प्रार्थनेविषयी सांगितला, हे आम्ही जाणतो. तथापि खानापूर तालुक्यातील एका ख्रिस्ती शेतकरी कुटुंबावर ओढवलेला प्रसंग आम्ही जवळून पाहिला, तेव्हा त्या बाईची आठवण आम्हांस पदोपदी होत राहिली.

सन २०२४ च्या नोव्हेंबरात त्या घरच्या कर्त्या पुरुषाच्या छातीत अकस्मात कळ आली. बेळगावच्या एका रुग्णालयात हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला. बिल झाले १,८४,००० रुपये. आरोग्य विमा होता, तोही सन २०१८ पासून एकही वर्ष न चुकविता चालविलेला. परंतु रोख न भरता उपचार करण्यास कंपनीने संमती दिली नाही. पत्नीच्या हातच्या बांगड्या सोसायटीत गहाण पडल्या, उरलेली रक्कम तिच्या भावाने दिली. पुढे सर्व कागद जोडून दावा केला, तो जानेवारीत परत आला. पत्रातील इंग्रजी मजकुराचा अर्थ एवढाच की, रक्तदाबाचा जुना विकार आपण लपविला, सबब दावा नामंजूर.

हा दहा वर्षांचा रक्तदाब आला कोठून? केसपेपर पाहता उलगडा झाला. मध्यरात्री रुग्णाला आत घेताना तेथील तरुण डॉक्टरने कोणाला तरी विचारून ‘रक्तदाब, दहा वर्षे’ असे लिहून ठेवले होते. घाबरलेल्या माणसांनी काय सांगितले व लिहिणाऱ्याने काय ऐकले, ते आता कोण सांगणार? विम्याच्या कित्येक भांडणांचे मूळ असल्या एका ओळीत असते. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, रुग्णालयात रोगाचा पूर्वइतिहास सांगण्याचे काम घरातील जाणत्या माणसाने शांतपणे करावे, आणि डिस्चार्ज कार्ड हाती येताच ते तेथल्या तेथे वाचवून घ्यावे. चूक असेल तर दुरुस्ती त्याच दिवशी सोपी असते.

“एवढ्या मोठ्या कंपनीशी आपण कोण भांडणार?” असे म्हणून ते गृहस्थ खाटेवर पडून राहिले. पत्नी म्हणाली, “भांडायचं कशाला? विचारायचं.” आणि पुढल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर ती पत्र घेऊन आमच्याकडे आली.

आम्ही तिला प्रथम पॉलिसीचे सर्व कागद आणावयास सांगितले. पत्र्याच्या पेटीतून सात वर्षांच्या पावत्या निघाल्या, आणि त्यांतच तिचे अर्धे बळ होते. विमा नियामक प्राधिकरणाने सन २०२४ मध्ये ठरवून दिले आहे की, पॉलिसी सलग साठ महिने चालली असेल, तर त्यानंतर माहिती लपविली वा चुकीची दिली, या कारणावरून कंपनीला हरकत घेता येत नाही. केवळ फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. विम्याची रक्कम मध्येच वाढविली असल्यास वाढीव भागाची मुदत वाढविल्या दिवसापासून मोजतात, हेही ध्यानात असावे. शिवाय कंपनीच्या पुनर्विचार समितीच्या संमतीवाचून दावा नाकारता येत नाही, आणि पॉलिसीच्या कोणत्या अटीन्वये नाकारला ते लेखी कळवावे लागते.

धाकट्या मुलाने गावच्या डॉक्टरांकडून सन २०२२ चा जुना कागद मिळविला. रक्तदाब प्रथम आढळला तो त्या वर्षी, म्हणजे विमा घेतल्यानंतर चार वर्षांनी! बेळगावच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही तसा दाखला दिला. हे सर्व जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास अर्ज धाडला, व पोच जपून ठेवली. उत्तर आले ते पहिल्या पत्राचीच नक्कल.

येथे पुष्कळ माणसे थकतात. पण पुढचा दरवाजा विमा लोकपालाचा आहे. कंपनीने तक्रार फेटाळली, अथवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर एका वर्षाच्या आत त्याच्याकडे जाता येते. फी नाही, वकील नाही. किंबहुना वकिलास तेथे उभे राहताच येत नाही. मात्र तेच प्रकरण न्यायालयात वा ग्राहक आयोगात दाखल केलेले नसावे. बेळगावकरांचे लोकपाल कार्यालय बंगळूर येथे, गोव्याचे पुण्यास, इंदूर-ग्वाल्हेरचे भोपाळास, बडोद्याचे अहमदाबादेस, आणि हैदराबादकरांचे त्यांच्याच शहरी. अर्ज संगणकावरूनही करता येतो. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपणांस तो मान्य नसेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग राहतोच. (ज्यांच्यापाशी आयुष्मान कार्ड आहे, त्यांची वाट निराळी, त्यांनी जिल्हा तक्रार निवारण समितीकडे जावे.)

एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. सर्वच नकार अन्यायाचे नसतात. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा अशा काही विकारांना बहुधा आरंभीची दोन-तीन वर्षे संरक्षण नसते, आणि ते पॉलिसीत लिहिलेले असते. शिवाय फॉर्म भरताना एजंट “काही नाही म्हणून लिहितो” असे म्हणतो, आणि आपण मान डोलावून सही करतो! ते असत्य एजंटाचे राहत नाही, सही करणाऱ्याचे होते. या कुटुंबाने तसे केले नव्हते, म्हणूनच त्या बाईचा स्वर कोठे कापला नाही.

सुनावणी जुलैत झाली, तीही मुलाच्या फोनवर, ओसरीत बसून. कंपनीच्या प्रतिनिधीने फसवणुकीचा आरोप केला. लोकपालांनी पुरावा मागितला, तेव्हा केसपेपरातील त्या एका ओळीपलीकडे त्याच्यापाशी काही निघाले नाही. बाईने सन २०२२ चा कागद फोनपुढे धरला. तो उलटा धरला होता. मुलाने सुलटा केला.

ऑगस्टअखेर १,७१,००० रुपये खात्यात जमा झाले. हातमोजे, नोंदणी शुल्क अशा किरकोळ बाबी पॉलिसीबाहेरच्या म्हणून वजा झाल्या, आणि त्याविषयी तिने तक्रार केली नाही. प्रथम भावाचे पैसे फेडले, मग सोसायटीत जाऊन बांगड्या सोडविल्या. नऊ महिन्यांचे व्याज मात्र पदरचे गेले. पुढल्या रविवारी मिस्साला आली तेव्हा त्या तिच्या हातांत होत्या. आम्ही अभिनंदन केले, तर म्हणाली, “शेजारच्या गल्लीतल्या एकीचाही क्लेम परत आलाय. तिला घेऊन येऊ का?”