जुनी गाडी घेताना

नवी मोटार घेणे सर्वांच्याच आवाक्यात नसते. म्हणून कितीतरी घरांत पहिली मोटार येते ती कोणाची तरी वापरलेली. मारुती ८०० ही छोटी गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. या तीस वर्षांत तिच्यातली एकेक गाडी दोन-दोन, तीन-तीन घरांत नांदली. आजही जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री जोरात चालते.

वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा नाही. मात्र मोटार म्हणजे जुने कपाट नव्हे. कपाटाचे दार नीट लागले नाही, तर सुताराला बोलावता येते. मोटारीचा ब्रेक लागला नाही, तर ते जिवावर बेतते. आणि कागद अपुरे असले, तर कोर्टाची पायरी चढावी लागते. म्हणून ही खरेदी एकट्याने आणि घाईने करू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घ्यावे.

समजा, मालेगावातल्या एका घरातील थोरला मुलगा औषधे विकणाऱ्या कंपनीत नोकरीला लागला आहे. त्याला तालुक्यातल्या गावोगावी फिरावे लागते. त्याने २ लाख रुपयांची एक जुनी गाडी पाहून ठेवली आहे. त्याचे अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यात काम करतात. आता ते त्याला कोणती मदत करू शकतील?

‘वडिलांची मदत’ म्हटले की आपल्याला आधी पैसे आठवतात. पैसे हवेतच; पण पैशांइतकीच अनुभवी नजरही हवी आणि योग्य ठिकाणी ‘थांब’ म्हणणारे माणूसही हवे. आपण एकेक गोष्ट पाहू.

आधी हिशेब

मुलाजवळ १ लाख रुपये साठले आहेत. ते सगळे गाडीच्या किमतीत घालून चालणार नाही. विमा, नावावर करण्याचा खर्च, एखाददुसरा टायर, पहिली दुरुस्ती यांसाठी निदान २० हजार रुपये बाजूला ठेवावे लागतील. म्हणजे गाडीसाठी उरले ८० हजार. उरलेले १ लाख २० हजार रुपये अब्बांनी दिले आणि मुलाने ते दरमहा ५ हजार रुपयांप्रमाणे परत करायचे ठरवले, तर फेड पूर्ण व्हायला २४ महिने लागतील.

याशिवाय गाडीला रोजचा खर्च असतो. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणे होते आणि गाडी एका लिटरमध्ये १६ किलोमीटर जाते असे धरले, तर ५० लिटर पेट्रोल लागेल. लिटरचा भाव १०० रुपये धरला, तरी ५ हजार रुपये झाले. हप्ता आणि पेट्रोल मिळून महिन्याला १० हजार! पगारातून एवढी रक्कम काढल्यावर घरखर्चाला काय उरते, हे आधीच पाहिले पाहिजे. हिशेब बसत नसेल, तर गाडी कितीही आवडली तरी स्वस्तातली गाडी पाहावी किंवा काही महिने थांबावे.

अब्बांनी दिलेली रक्कम, परतफेडीची तारीख आणि हप्ता एका वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. बापलेकातही हिशेब चोख असावा. त्यामुळे प्रेम कमी होत नाही. उलट पुढे बहीणभावांत ‘किती दिले, किती घेतले’ असा वाद उरत नाही.

गाडी पाहताना

गाडी नेहमी दिवसाउजेडी पाहावी. रात्रीच्या दिव्यात किंवा पावसाने भिजलेल्या गाडीवर रंगातला फरक दिसत नाही. दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, ते पाहावे. एका बाजूची फट रुंद असेल किंवा एखाद्या दाराचा रंग थोडा वेगळा असेल, तर तिथे अपघातानंतर काम केलेले असू शकते. लहानसे लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्याला लावून पाहावे. जिथे रंगाखाली लांबी जाड भरली आहे, तिथे ते नीट चिकटत नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगावे. आपण येण्याआधीच कोणी ते गरम करून ठेवले असेल, तर थंडीत सुरू न होण्याचा दोष झाकला जातो. म्हणून आधी बॉनेटवर हात ठेवून पाहावा. मग धुराकडे लक्ष द्यावे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जात आहे. सकाळच्या गारव्यात थोडी पांढरी वाफ दिसते, ती लगेच जाते. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला, तर थंड करण्याचे पाणी इंजिनच्या आत शिरत असण्याची शक्यता असते. ही दुरुस्ती फार महाग पडते.

यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस आवाजावरून सांगतो की मागाचा कुठला भाग सैल झाला आहे. मोटारीचे यंत्र वेगळे असले, तरी असा सवयीचा कान उपयोगी पडतोच. तरीसुद्धा शेवटचा शब्द ओळखीच्या मिस्त्रीचा असावा. त्याची मजुरी द्यावी आणि गाडी त्याला चालवून पाहू द्यावी. विकणाऱ्याने आणलेला मिस्त्री विकणाऱ्याचीच बाजू घेणार, हे उघड आहे.

किलोमीटरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तो आकडा मागे फिरवण्याची लबाडी चालते. मीटर ३० हजार किलोमीटर दाखवते, पण क्लचच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे आणि स्टिअरिंगला चमक आली आहे, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. अशा वेळी सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात. त्यांत प्रत्येक वेळचे किलोमीटर तारखेसह लिहिलेले असतात.

टायरच्या कडेलाही चार आकडे छापलेले असतात. ते ‘२३१९’ असतील, तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला आहे. वरून नवे दिसणारे टायर किती जुने आहेत, ते यावरून कळते.

पुरात बुडालेल्या गाड्यांपासून विशेष सावध राहावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर येथेही मोठा पूर आला होता. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून दुसऱ्या गावी विकता येते. पण आतला कुबट वास, गालिच्याखालची माती आणि सीटच्या खालच्या लोखंडावरचा गंज सहजासहजी जात नाही. सीटखाली हात घालून पाहायला लाजू नये.

कागद काय सांगतात?

गाडी पसंत पडली की लगेच इसार देण्याची घाई होते. घरात ज्याला आपण ‘बयाना’ म्हणतो, तोच हा इसार. तो देण्याआधी कागद पाहावेत.

पहिला कागद नोंदणी प्रमाणपत्राचा. त्याला सगळे ‘आर.सी. बुक’ म्हणतात. त्यावरचा इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी एकेक अक्षर जुळवून पाहावा. एका अक्षराचाही फरक चालत नाही. नोंद ज्याच्या नावावर आहे तोच विकतो आहे का, तेही पाहावे. मालक वारला असेल, तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते.

प्रमाणपत्रावर बँकेचे नाव असेल, तर गाडी कर्जासाठी तारण आहे. कर्ज फिटले असे विकणारा तोंडाने सांगेल. पण बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय तो बोजा उतरत नाही. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. गाडीवर दंडाची चलाने बाकी आहेत का, विमा आणि पी.यू.सी. चालू आहे का, हेही तपासावे.

गाडीचे वय विसरू नये. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून घेऊन दर ५ वर्षांनी ती वाढवावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. १४ वर्षांची गाडी फार स्वस्त का मिळते, याचे एक कारण हेही आहे.

पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत, म्हणजे पुरावा राहतो. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून कायद्याने बंदी आहे.

नाव बदलले, तरच मालक बदलला

अनेकांना वाटते, पैसे दिले, किल्ली मिळाली, गाडी आपली झाली. कायदा असे मानत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ प्रमाणे गाडी राज्यातल्या राज्यात विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० भरतात. कोऱ्या नमुन्यावर सही करून देणे किंवा घेणे, दोन्ही धोक्याचे.

याचे महत्त्व एका खटल्यावरून कळेल. एक गाडी पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने चौथ्याला विकली. नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली. २००९ साली त्या गाडीखाली सापडून एका मुलाचा जीव गेला. नुकसानभरपाई कोणी द्यायची? पहिला म्हणाला, मी तर गाडी कधीच विकली. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्याच्या नजरेत ज्याच्या नावावर नोंद आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. ज्याने ती गाडी अपघाताच्या आधीच विकली होती, त्याच्यावर हे ओझे आले. घेणाऱ्यालाही अशा व्यवहारात सुख नाही. कारण पैसे त्याचे गेलेले असतात आणि कागदावर मालक दुसराच असतो.

विम्याचेही तसेच आहे. गाडी विकल्यावर इतरांना होणाऱ्या नुकसानीचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे येतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल, तर विमा आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. त्यासाठी १४ दिवसांच्या आत अर्ज करावा. जुन्या मालकाला मिळणारी ‘नो क्लेम बोनस’ची सवलत गाडीबरोबर येत नाही. ती त्याच्याकडेच राहते.

आता गाडी कोणाच्या नावावर घ्यावी? पैसे अब्बांचे जास्त, म्हणून त्यांच्या नावावर, असे घरात सहज ठरते. पण वर सांगितल्याप्रमाणे ज्याचे नाव, त्याची जबाबदारी. जो गाडी रोज चालवणार आणि सांभाळणार, त्याच्याच नावावर ती असणे चांगले.

किल्ली कोणाच्या हाती?

घरात गाडी आली की धाकट्यांचे हात शिवशिवतात. ‘गल्लीच्या टोकापर्यंतच नेतो’ असे म्हणून किल्ली मागितली जाते. मोटार चालवण्याचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून कायदा अधिक कडक झाला आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ज्या अब्बांनी पै-पै जोडून गाडीला हातभार लावला, त्यांनाच आपल्या हौसेपायी कोर्टात उभे करायचे का? याचा विचार किल्ली मागण्याआधी करावा.

मग अशा खरेदीत तुमच्यासारख्या विद्यार्थ्याचे काही काम नाही का? आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. परिवहन कार्यालयातल्या सूचना मराठीत असतात, नमुने मराठीत किंवा इंग्रजीत असतात. उर्दू वाचणाऱ्या अनेक वडिलांना त्या वाचताना अडखळायला होते. मग एखादा दलाल पुढे येतो, ‘इथे सही करा’ म्हणतो आणि काय लिहिले आहे ते न वाचताच सही होते. अशा वेळी शाळेत मराठी शिकलेला मुलगा किंवा मुलगी शेजारी बसली आणि तिने नमुन्यातली प्रत्येक ओळ वाचून दाखवली, क्रमांक जुळवले, तारीख पाहिली, तर फसवणुकीला जागाच उरणार नाही. यंत्राचा आवाज वडिलांनी ऐकावा आणि कागद मुलांनी वाचावा. जुनी गाडी घेताना घराला या दोन्ही मदतींची गरज असते.